गाडीचा निरोप



रेल्वेत मी कधी नोकरी केलेली नाही. रेल्वेच्या कामकाजावरील एका पुस्तकाचा अनुवाद करावयास घेतला आणि आरंभीच 'ऑन' व 'ऑफ' या दोन शब्दांपाशी अडलो. रेल्वेच्या भाषेत सिग्नल 'ऑन' असणे म्हणजे त्याने धोका दाखविणे, आणि 'ऑफ' असणे म्हणजे पुढे जाण्यास मुभा देणे. घरातील दिव्याच्या बटणाने आपल्या मनात जो अर्थ रुजविला आहे, त्याच्या हे नेमके उलट. 'सिग्नल चालू आहे' असे मी लिहिले असते, तर वाचकाने खुशाल गाडी सोडली असती! आपल्या बोलीत तर 'सिग्नल पडला' म्हणजे गाडी येणार. कारण जुन्या खांबावरील हात आडवा असला की मार्ग बंद आणि खाली झुकला की मोकळा. पुढे वर उचलले जाणारे हात आले, मग रंगीत दिवे आले, तरी लोकांच्या तोंडी सिग्नल अजून पडतोच आहे. शेवटी ऑन आणि ऑफ मी तसेच ठेवले. येथे शब्द गोड असून भागत नाही. ऐकणाऱ्याला त्याचा दुसरा अर्थ लावता येऊ नये.

इतकी काटेकोर सावधगिरी कशासाठी? भरधाव जाणाऱ्या जड गाडीला थांबावयास एक किलोमीटरच्या आसपास अंतर लागते. रात्री, धुक्यात किंवा वळणावर चालकाला तेवढे दिसत नाही. म्हणजे तो स्वतःच्या डोळ्यांवर नव्हे, तर दुसऱ्याने दिलेल्या शब्दावर गाडी हाकीत असतो. पुढील स्थानकाने 'लाइन क्लियर' दिल्याखेरीज मागील स्थानकाने गाडी सोडावयाची नाही, आणि दोन स्थानकांमधील रुळांवर एका वेळी एकच गाडी असावयाची, हा या व्यवस्थेचा पाया.

हा शब्द घसरला तर काय होते, ते इंग्लंडमध्ये नॉरिचजवळ थॉर्प येथे 10 सप्टेंबर 1874 च्या रात्री दिसले. मार्ग एकेरी होता. एका बाजूने एक्सप्रेस यावयाची होती आणि तिला उशीर झाला होता. समोरून मेल यावयाची होती. मेल आधी येऊ द्यावी, असा विचार करून रात्रपाळीच्या निरीक्षकाने तारबाबूला तसा निरोप लिहून घ्यावयास सांगितले. निरोपावर सही झाल्याखेरीज तो पाठवावयाचा नाही, असा नियम होता. सही झाली नाही, पण निरोप मात्र गेला. निरीक्षकाची समजूत अशी की सहीवाचून तो गेला नसणार. म्हणून त्याने एक्सप्रेस सोडली. घोटाळा ध्यानी येताच तार झाली, 'मेल थांबवा.' उत्तर आले, 'मेल सुटली.' पुढील काही मिनिटे त्या तारघरातील माणसांनी कशी काढली असतील, याची कल्पना करवत नाही. दोन्ही गाड्यांचे चालक निर्धास्तपणे आपापल्या वाटेने येत होते. पावसात, अंधारात टक्कर झाली आणि 25 माणसे गेली.

या अपघातानंतर एडवर्ड टायर याने 1878 मध्ये असे यंत्र सिद्ध केले की निरोप नुसता ऐकावयाचा न राहता हातात धरावयाची वस्तू झाला. आपल्याकडील एकेरी मार्गांवर याच कुळातील नीलचे बॉल टोकन यंत्र फार चालले. शेजारच्या दोन स्थानकांवर विजेने जोडलेली जुळी यंत्रे; आत धातूचे गोळे. दोन्ही स्टेशनमास्तरांची संमती झाली तरच एक गोळा बाहेर येतो, आणि तो पुन्हा यंत्रात पडेपर्यंत दोहोंपैकी कोणत्याही यंत्रातून दुसरा निघत नाही. गोळ्यावर दोन्ही स्थानकांची नावे कोरलेली असत. चामड्याच्या पिशवीत गोळा, पिशवीला मोठे कडे, आणि न थांबणाऱ्या गाडीच्या इंजिनातून हात बाहेर काढून ते कडे झेलणारा माणूस, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिले असेल. तो खेळ नव्हता. गोळा हाती नसताना गाडी पुढे नेण्याचा अधिकार चालकाला नव्हता.

फाटकवाल्याशी होणारा व्यवहारही असाच. 'फाटक बंद केले' एवढे दूरध्वनीवर सांगून चालत नाही. त्याने आपल्याजवळच्या तक्त्यातील 'प्रायव्हेट नंबर' द्यावयाचा. आकडे क्रमाने नसतात, म्हणून पुढला आकडा कोणाला तर्काने सांगता येत नाही. थॉर्पच्या तारेवर जी सही नव्हती, ती येथे आकड्याच्या रूपाने घेतली जाते.

गाडी निघून गेली हे कळण्याचीही खूण लागते. शेवटच्या डब्यामागील पाटी वा तांबडा दिवा दिसला तरच गाडी पूर्ण गेली असे धरावयाचे. 20 ऑगस्ट 1995 च्या पहाटे फिरोजाबादजवळ कालिंदी एक्सप्रेस नीलगाईला धडकून थांबली होती. ती पुढे गेली असे समजून मागून येणाऱ्या पुरुषोत्तम एक्सप्रेसला सिग्नल दिला गेला. तीनशेहून अधिक माणसे मृत्यू पावली.

गाडी अशी वाटेत अडकली तर ब्रॉडगेज मार्गावर गार्डाने मागे चालत जाऊन 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर तीन फटाके रुळावर ठेवावयाचे, म्हणजे चाकाखाली त्यांचा बार ऐकून मागची गाडी थांबेल. गार्डाला 2022 पासून 'ट्रेन मॅनेजर' म्हणतात. नाव बदलले तरी ती पायपीट सुटलेली नाही.

आता अनेक ठिकाणी आत गेलेल्या व बाहेर आलेल्या चाकांची मोजणी यंत्रच करते. यंत्रावर विसंबावे, पण ते जोडणारा हातही माणसाचाच असतो. 2 जून 2023 रोजी ओडिशातील बहानगा बाजार येथे कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधे मात्र लूप लाइनकडे वळलेले होते. चालकाने निरोप तंतोतंत पाळला. निरोपच खोटा होता. सिग्नलच्या जोडणीच्या कामातील त्रुटी चौकशीत पुढे आल्या. दोनशे नव्वदांहून अधिक बळी गेले.

काही मार्गांवर आता 'कवच' ही यंत्रणा पुढील सिग्नल इंजिनातच दाखविते आणि चालकाने दुर्लक्ष केले तर ब्रेकही लावते. तरीही लोको पायलट आणि त्याचा साहाय्यक, सिग्नल दृष्टीस पडताच त्याचा रंग एकमेकांस मोठ्याने सांगतात. एकाने म्हणावयाचे, दुसऱ्याने स्वतः पाहून मगच म्हणावयाचे. इंजिनाच्या घरघरीत, रात्रभर, प्रत्येक सिग्नलला.