अफूवर्गीय औषधे : मात्रा उतरवावी, एकदम तोडू नये



माळव्यातील मंदसौर, नीमच व रतलाम या जिल्ह्यांत शासनाच्या परवान्याने अफूची शेती होते. परवाने देणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्यूरोचे मुख्यालय ग्वाल्हेरला आहे. अफूच्या बोंडातील चिकापासून मॉर्फिन व कोडीन ही औषधे मिळतात. ट्रॅमाडॉल, फेंटानिल ही कृत्रिम औषधेही त्याच वर्गातील होत. कर्करोगाच्या असह्य वेदनेत मॉर्फिनचा फार मोठा आधार असतो. म्हणून या औषधांचा तिरस्कार नको. मात्र ती सुरू करण्याइतकीच थांबवतानाही डॉक्टरांची देखरेख अगत्याची आहे.

काही आठवडे रोज घेतल्यास शरीर या औषधास सरावते. ते अकस्मात बंद केले की जांभया, नाकाडोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, निद्रानाश असा त्रास सुरू होतो. तेवढ्यावरून रुग्णास व्यसनी ठरविणे अन्यायाचे आहे. शरीराला सवय होणे ही एक बाब. हानी दिसत असूनही औषधामागे धावणे ही दुसरी.

पुष्कळ घरांत वडीलधारी मंडळी गोळ्या लपवितात आणि चार दिवस सोसले की सुटेल, असे समजतात. हेतू चांगला, परंतु उपाय धोक्याचा. औषध एकाएकी तोडल्याने वेदना बळावतात व आत्महत्येचे विचारही येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१९ साली दिला.

योग्य मार्ग पायरीपायरीने उतरण्याचा आहे. वर्षाहून अधिक काळ औषध घेणाऱ्याची मात्रा साधारणतः महिन्यास दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश कमी केली जाते. उदाहरणार्थ, दिवसास १०० मिलिग्रॅम मॉर्फिन असल्यास प्रथम ९०. त्रास वाढला तर डॉक्टर त्याच पायरीवर काही काळ थांबतात. ती हार नव्हे. प्रत्येकाचे प्रमाण निराळे असल्याने हा हिशेब घरी करू नये. दीर्घकाळ परिणाम करणाऱ्या गोळ्या कुटू नयेत. गर्भवतीने तर औषध मनाने मुळीच बंद करू नये.

सर्वांत मोठा धोका पुढेच असतो. मात्रा उतरली की शरीराची सहनशक्तीही उतरते. मग पूर्वीचीच मात्रा पुन्हा घेतल्यास श्वास मंदावून मृत्यू ओढवू शकतो. मद्य किंवा झोपेच्या गोळ्यांची जोड मिळाल्यास धोका अधिकच वाढतो. हाक मारूनही जाग येत नसेल, ओठ निळे पडत असतील, तर तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ट्रॅमाडॉल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आहे; चिठ्ठीवाचून ते घेऊ अगर देऊ नये. व्यसन जडले असल्यास मानसोपचार विभागात ब्यूप्रेनॉर्फिनसारख्या औषधांचे उपचार होतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

शिक्षक, पंचायतीचे पदाधिकारी व आशा कार्यकर्त्या यांनी हे घरोघरी सांगावे. रुग्णास उपदेशापेक्षा सोबतीची गरज असते. त्याला दवाखान्यापर्यंत नेणारा आणि मात्रा उतरेपर्यंत धीर देणारा माणूस घरात असला, म्हणजे अर्धे काम झाले.