राऊंडवरचा आवाज



साडेचार वर्षांचा एमबीबीएसचा अभ्यासक्रम संपला की बारा महिन्यांची इंटर्नशिप सुरू होते. त्यातले काही आठवडे खेड्यातल्या दवाखान्यात काढायचे असतात. पुण्याला लागून असलेल्या मुळशी तालुक्यात शिकण्यासारखं खूप आहे. पौडला ग्रामीण रुग्णालय आहे, लवळ्याला २०२० पासून मुलींचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. पेशंट म्हणाल तर हिंजवडीतले आयटीवाले, पिरंगुटच्या कारखान्यात बोट मशीनमध्ये गेलेला कामगार आणि ताम्हिणीच्या अंगाला पावसात लावणी करणारी माणसं, सगळी याच तालुक्यातली. या माणसांना पहिला हात लावतात ती तेवीस-चोवीस वर्षांची मुलंमुली. आज मी त्यांच्याबद्दल बोलणार आहे, आणि त्यांच्या सरांबद्दल. कधी त्या मॅडम असतात.

असे एक सर बहुतेक प्रत्येक कॉलेजात असतात. सुकलेल्या म्हातारीची व्हेन कुणाला मिळत नसेल तर हे घरची चौकशी करता करता सलाईन लावून मोकळे होतात. पोटावर हात ठेवून जे सांगतात तेच पुढे सोनोग्राफीत निघतं. पण ते राऊंडला येताहेत असं कळलं की मुलांच्या तळहातांना घाम फुटतो. केसपेपर भिरकावायचा, नातेवाइकांसमोर ‘तुला पास कुणी केलं?’ म्हणून विचारायचं, सही अडवायची, इंटर्नशिप लांबवण्याची भीती घालायची. जुने डॉक्टर अशा सरांच्या गोष्टी कौतुकाने सांगतात. ‘त्यांनी झापलं म्हणून आम्ही घडलो’ असं म्हणतात. हे मला अर्धंच खरं वाटतं. ते घडले, यात शंका नाही. पण कशामुळे घडले, हे नीट पाहायला हवं.

सर्पदंशाचं उदाहरण घेऊ, कारण मुळशीच्या पावसाळ्यात ते टळत नाही. पेशंट आला की दोन-तीन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं आणि वीस मिनिटं हात न लावता उभं ठेवायचं. मग नळी कलती करायची. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष अंगात भिनलंय असं समजायचं. नळी प्लॅस्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही. दोन्हींत रक्त गोठायला वेळ लागतो आणि निदान चुकतं. मधेच हलवून पाहिली तर पुन्हा पहिल्यापासून वीस मिनिटं. विषावरच्या लसीच्या सुरुवातीला आठ-दहा बाटल्या जातात. लहान मुलालाही मोठ्याएवढ्याच, कारण साप मूल पाहून विष कमी सोडत नाही. ती सुरू करण्याआधी ॲड्रेनलिन सिरिंजमध्ये भरून उशाशी तयार हवं, लसीची रिॲक्शन आली तर शोधाशोध करायला वेळ नसतो. आणि मण्यार चावली असेल तर चावल्याची खूणही पुष्कळदा दिसत नाही. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो, पापण्या जड होतात, पुढे श्वास अडखळतो. अशा माणसाला ॲसिडिटीची गोळी देऊन घरी धाडलं तर संपलंच.

या एकेका तपशिलावर सर ओरडतात. ‘नळी कसली आहे? किती वाजता भरली? ॲड्रेनलिन कुठाय?’ त्यांचा हा आग्रह मला शंभर टक्के मान्य आहे, आणि तो असलाच पाहिजे. यातलं काहीही सैल सोडणारा शिक्षक मला चांगला वाटत नाही, तो कितीही गोड बोलो. घाटापलीकडे महाडला डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर जे काम केलं तेही असंच झालं. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ते पेशंटच्या उशाशी रात्रंदिवस बसले, नाडी आणि रक्तदाब पुन्हा पुन्हा पाहिला, आणि प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध या विषावर चालतं हे दाखवून दिलं. कोकणात विंचू चावून माणसं मरायची ती त्यानंतर वाचू लागली. खेड्यातल्या दवाखान्यात कौशल्य म्हणजे हेच असतं, स्वतः मोजलेला आकडा.

आणि नेमकी इथेच भीती घात करते. रात्री तीन वाजता वॉर्डात तीस पेशंट आहेत, इंटर्न एकटी आहे, सकाळी सरांचा राऊंड आहे. ‘बीपी घेतलं नाही’ असं सांगितलं तर सगळ्यांसमोर धिंडवडे निघणार हे तिला पक्कं माहीत आहे. मग केसपेपरावर १२०/८० उमटतं. शेजारच्या खाटेवर १२०/८०, त्याच्या पलीकडे ११०/७०. सर पुढे जातात, समाधानाने. त्या तिसऱ्या खाटेवरच्या बाईचं बीपी खरोखर ऐंशीवर आलेलं असेल तर ते कुणालाही कळत नाही. वैद्यकीय क्षेत्रातल्या कुणालाही विचारा, तो मान खाली घालून हे खरं आहे म्हणेल. मुलगी कामचुकार असते असं नाही. ‘घेतलं नाही, आत्ता घेते’ हे चार शब्द बोलायची सोय तिला कुणी ठेवलेली नसते.

अशा बोलण्याने कामावर काय परिणाम होतो, याची तपासणीही झाली आहे. इस्रायलमध्ये नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातल्या २४ पथकांना एका अकाली जन्मलेल्या, प्रकृती बिघडत चाललेल्या बाळाची नकली केस दिली. निम्म्या पथकांशी परदेशातून आलेला म्हणून सांगितलेला एक तज्ज्ञ तुसडेपणाने बोलला. शिवीगाळ नव्हती, नुसता तुसडेपणा. त्या पथकांचं निदानही घसरलं आणि हातचं कामही. त्यांनी एकमेकांना माहिती कमी सांगितली, मदत कमी मागितली. हा अभ्यास २०१५ साली ‘पिडियाट्रिक्स’ या नियतकालिकात छापून आला. म्हणजे सरांच्या आवाजाची किंमत मुळात पेशंट मोजतो.

आपल्याकडे हा विषय चव्हाट्यावर आला तो मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात, मे २०२३ मध्ये. डॉ. तात्याराव लहाने हे नाव महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत ठाऊक आहे. मोतीबिंदू काढून त्यांनी असंख्य गरिबांना दृष्टी दिली, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याच विभागातल्या निवासी डॉक्टरांनी तक्रार केली की आम्हाला शस्त्रक्रिया करू देत नाहीत आणि आमच्याशी अपमानास्पद बोलतात. डॉ. लहाने आणि त्यांच्या सहकारी डॉ. रागिणी पारेख यांनी आरोप फेटाळले. दोघांसह नऊ जणांनी राजीनामे दिले, इकडे निवासी डॉक्टर संपावर गेले. त्या वादात कोण बरोबर होतं याचा निवाडा मी इथून करणार नाही. पण मुलांची पहिली तक्रार लक्षात घ्या. त्यांना हात चालवायला मिळत नव्हता, असं ती म्हणत होती. थोर हाताशेजारी उभं राहून आपला हात तयार होत नसेल तर शिकाऊ डॉक्टरला दुसरं मोठं दुःख नाही.

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मानसिक आरोग्यावरच्या कृतिदलाने २०२४ साली जो अहवाल दिला, त्यात २५,५९० एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी उत्तरं दिली होती. १६.२ टक्क्यांनी आयुष्य संपवण्याचे विचार मनात आल्याचं सांगितलं, पदव्युत्तर विद्यार्थ्यांत हे प्रमाण ३१.२ टक्के होतं. निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा जास्त काम देऊ नये आणि एक दिवस सुट्टी द्यावी, अशी शिफारस कृतिदलाने केली. चौऱ्याहत्तर तास हीसुद्धा सवलत वाटावी, अशी आज परिस्थिती आहे.

आता इंटर्न मित्रमैत्रिणींनो, तुमच्याशी. सर ओरडले की त्या वाक्यातला वैद्यकाचा भाग तेवढा वहीत उतरवून घ्या. ‘गाढवा, पोटॅशियम पाहिलंस का?’ यातलं पोटॅशियम तुमचं. प्रश्न राऊंडवर विचारता आला नाही तर ओपीडी संपल्यावर विचारा, असे सर एकट्यात पुष्कळदा मनापासून शिकवतात. वॉर्डातल्या जुन्या सिस्टरांना धरून राहा. सरांना काय लागतं आणि कोणत्या खाटेकडे रात्री पाहायला हवं, हे त्यांना तुमच्यापेक्षा आधी कळलेलं असतं. न घेतलेलं बीपी कोरं सोडा, बोलणी खा, पण आकडा लिहू नका. आणि बोलणं जातीवर, आईबापांवर, मुलगी असण्यावर गेलं, कुणाचा हात अंगाला लागला, तर तिथे सोसू नका. त्याला शिकवणं म्हणत नाहीत. दोघं-तिघं मिळून अधिष्ठात्यांकडे लेखी द्या, तारीख-वेळ घालून. मुंबईच्या नायर रुग्णालयात २०१९ साली डॉ. पायल तडवी ही आदिवासी समाजातली मुलगी आपण गमावली. जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या वरिष्ठ सहकाऱ्यांवर ठेवला गेला. तिच्या घरच्यांनी त्याआधी तक्रार केली होती. तक्रार करणाऱ्याला एकटं सोडायचं नाही, एवढं तरी तिच्या बॅचनंतरच्या सगळ्यांनी ठरवायला हवं. रात्री मन फारच खचलं तर टेलि-मानसचा क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

आणि शेवटी मुळशीकरांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. साप चावला तर चिरा देऊ नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. किती वाजता चावला ते लक्षात ठेवून थेट दवाखान्यात या. तिथे एखादी तरुण डॉक्टर तुमच्या माणसाचं रक्त काढून काचेच्या नळीत ठेवेल आणि वीस मिनिटं थांबा म्हणेल. ‘काहीच करत नाहीत’ म्हणून तिच्या अंगावर धावून जाऊ नका. ती वीस मिनिटं तिला मोजू द्या, आणि पहिल्या सुईला व्हेन मिळाली नाही तर तिला दुसऱ्यांदा सुई घालू द्या.