पैसा सुटण्याआधीचं काम

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘समाजकार्य शिकून तू गुंतवणूकदारांच्या दारात कशी गेलीस?’ असं तुमच्यातल्या काहीजणी मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. मी एम.एस.डब्ल्यू. केलं आणि आज सौर व पवनऊर्जेच्या प्रकल्पांत पैसा घालणाऱ्यांना सल्ला देते. या कामाचा बायांशी काय संबंध, ते सांगते.

सौर प्रकल्पाला आधी लागते जमीन. २०२३ च्या ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०’मध्ये खाजगी जमिनीला हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख रुपये भाडं ठरलं. ते कुणाला मिळतं? सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला. आपल्या राज्याने १९९४ मध्ये मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत वाटा दिला, २००५ मध्ये तो देशभर आला. पण नवऱ्याच्या शेतात जन्मभर राबणाऱ्या बायकोचं नाव त्यावर कुठे असतं? माळावर शेळ्या चारणारी, सरपण गोळा करणारी, मजुरीला जाणारी, या बायांची तर कागदावर नोंदच नाही. कुंपण पडलं की त्यांचं काय गेलं, हे कुणी मोजत नाही.

ते मोजणं हे माझं काम. मोठं कर्ज देण्याआधी वकील कागद तपासतात, इंजिनिअर यंत्रं तपासतात. मी गावात जाते. बैठक चावडीवर न घेता पाणवठ्यावर, बाया मोकळ्या असतील त्या वेळी घेते. तिथे कळलेलं अहवालात येतं. अहवालातून अटी निघतात: चराईची वाट उघडी ठेवा, भाडं नवरा-बायकोच्या संयुक्त खात्यात भरा. अट करारात शिरली, तर ती पुरी होईपर्यंत कर्जाचा हप्ता अडवता येतो. ही ताकद लहान नाही.

जागतिक बँक गटातल्या आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाच्या २०१२ च्या नियमांत, विस्थापितांच्या मालकीचे व भरपाईचे कागद पती-पत्नी दोघांच्या नावे असावेत, असं म्हटलं आहे. राजीखुशीच्या भाडेकराराला हा नियम आपोआप लागत नाही. तिथे अट मागून घ्यावी लागते, आणि मागणारं कुणीतरी त्या टेबलाशी असावं लागतं.

पण भाबडेपणा नको. सल्लागाराची फी बहुधा कंपनीच देते, त्यामुळे अहवाल गोड लिहिण्याचा दाब असतो. म्हणून बाहेरून तुमचा रेटा हवाच. त्या महामंडळाचा पैसा असलेल्या प्रकल्पाविरुद्ध त्याच्या लोकपाल कार्यालयाकडे बाधितांना तक्रार करता येते. हे कार्यालय १९९९ पासून आहे. तक्रार कोणत्याही भाषेत चालते, अगदी मराठीतही.

आंतरराष्ट्रीय अक्षय ऊर्जा संस्थेने २०१९ मध्ये जगभरचा आढावा घेतला, तेव्हा या क्षेत्रात बायांचं प्रमाण ३२ टक्के होतं. तांत्रिक कामांत ते २८ टक्के, कारकुनी व प्रशासकीय कामांत ४५ टक्के. म्हणजे फायली आपण लावायच्या आणि निर्णय इतरांनी घ्यायचे! आपल्या मुलींनी या कामात यावं, असं मला वाटतं. गावात बसून ऐकून घेण्याची सवय त्यांना चळवळीने दिलेलीच आहे. हिशेब आणि करार शिकता येतात.

आपण सातबारा वाचायला शिकलो, ठाण्यात बसून फिर्याद लिहून घ्यायला शिकलो. आता कर्जाचा करारही वाचू या.