वाचन अडतंय, लेकराकडे नीट लक्ष द्या

भामरागड, एटापल्ली, जिवती भागातलं पहिलीतलं लेकरू वाचत नसेल, तर त्यामागे दोन अगदी निरनिराळी कारणं असू शकतात. घरी माडिया, गोंडी किंवा कोलामी बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी नवी असते. ती यायला वेळ लागणारच. दुसरं कारण डिस्लेक्सिया. त्यात बुद्धी शाबूत असते, पण शब्दातले आवाज सुटे करणं आणि ते अक्षरांशी जोडणं जड जातं.

हा फरक ओळखायचा तर मुलाशी त्याच्या घरच्या भाषेत बोलावं लागेल. अंगणवाडीताई, त्या भाषेतला ओळखीचा शब्द घ्या आणि टाळ्या वाजवत त्याचे तुकडे पाडायला सांगा. मराठी बोलणाऱ्या मुलाला विचारा, ‘मोहफूल’मधून ‘मोह’ काढला तर काय उरलं? बरोबरीच्या मुलांना जमणारा हा खेळ त्याला पुनःपुन्हा अडत असेल, तो उशिरा बोलायला लागला असेल, किंवा घरात आणखी कुणाला वाचन जड गेलं असेल, तर लक्ष ठेवा.

शाळेत गेल्यावर खुणा ठळक होतात. कमळाचं चित्र असेल तर मूल ‘कमळ’ म्हणतं; चित्रावर हात ठेवला की ‘क’पाशीच थांबतं. वरच्या ओळीत वाचलेला शब्द खालच्या ओळीत ओळखत नाही. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला गोंधळ सरावानंतरही टिकतो. हेच मूल तोंडी गोष्ट मात्र छान सांगतं. सुरुवातीला अशा चुका सगळेच करतात. त्या महिनोन्‌महिने तशाच राहिल्या, तर दखल घ्यायची.

आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, त्यांना ही अडचण सांगा. पक्कं निदान साधारण सात-आठ वर्षांनंतर तज्ज्ञच करतात, पण मदतीसाठी तोवर थांबू नका. रोज थोडा वेळ एकच अक्षर घ्या: त्याचा आवाज म्हणायचा, ते वाळूत गिरवायचं, मग त्याचा शब्द जुळवायचा.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाचा समावेश आहे. प्रमाणपत्र मिळालं की परीक्षेत ज्यादा वेळाची सवलत मिळू शकते.

आईबाबांनो, गुरुजनांनो, अशा लेकराला ‘ढ’ म्हणू नका, मारू नका. त्याला वेगळ्या पद्धतीनं शिकवलं तर ते वाचायला शिकतं. शाळा सोडण्याची वेळ त्याच्यावर येऊ देऊ नका.