शहर वाढतें, पण घर कोणाला?

(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील सांगत आले. एक घर बांधतांना आपल्या नाकीं नऊ येतात. मग सबंध शहराचीं उद्यांचीं घरें कोण आंखतो आणि कशीं आंखतो, हें आज आम्ही आपणांपुढें मांडणार आहों. मुंबई दूर, तिच्याशीं आपलें काय, असें कोणी म्हणूं नये. आपल्या वाड्यावस्त्यांतून मुंबईला कोणीच गेला नाहीं, असें गांव दाखवा! तो मुलगा तेथें कोठें निजतो, हा आपल्या घरचाच प्रश्न आहे.

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. कोंदट वस्त्यांत माणसें पटापट मेलीं. तेव्हां सरकारनें १८९८ सालीं सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. त्यानें रुंद रस्ते पाडले, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आंखल्या. काम चांगलें, पण त्यासाठीं गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, त्या मानानें त्यांच्यासाठीं बांधलेल्या खोल्या कमी पडल्या. उठविलेला मजूर शेजारच्या चाळींत आणखी दाटीनें राहूं लागला. दाटी हलली, मोडली नाहीं.

पुढें १९२० सालीं डेव्हलपमेंट खातें निघालें. संकल्प ५०,००० खोल्यांचा! वरळी, नायगांव, डिलाईल रोड व शिवडी येथें २०७ चाळी उभ्या राहिल्या. दर चाळींत ८० खोल्या धरा. बेरीज साडेसोळा हजारांच्या आसपास येते. एक खोली १६० चौरस फुटांची. आणि नवल पाहा, माणसांना पाय पसरायला जागा नाहीं अशा शहरांत वरळीच्या पुष्कळ खोल्या कांहीं वर्षें रिकाम्या पडल्या! भाडें मजुराच्या पगाराला झेपेना आणि गिरणी लांब. जो राहावयाचा त्याला न विचारतां घर बांधलें, त्याचें हें फळ. त्याच चाळींच्या जागीं आतां ५०० चौरस फुटांचीं घरें होत आहेत. वरळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्यें किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांनीं कां होईना, झालें तें चांगलेंच झालें.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडेकरूला आधार दिला, हें आम्ही कबूल करतों. पण भाडें गोठल्यावर मालकानें डागडुजी सोडली, नवी चाळ बांधणें सोडलें, आणि पागडीचा धंदा माजला. भाड्याची स्वस्त खोली दुर्मिळ झाली आणि झोपडी वाढली. २०११ च्या खानेसुमारींत मुंबईच्या दर शंभर कुटुंबांतील सुमारें एकेचाळीस झोपडपट्टींत निघालीं.

आतां शेतकऱ्यांनीं कान द्यावा. शहराची दाटी कमी करण्यासाठीं १९७० सालीं सिडको स्थापन झाली आणि खाडीपलीकडे नवी मुंबई आंखली गेली. जमीन कोणाची? ठाणें, पनवेल, उरणकडील ९५ गांवांची. भातशेती गेली, मिठागरें गेलीं. योग्य मोबदल्यासाठीं दि. बा. पाटील यांच्या पुढारीपणाखालीं लोक उठले. जानेवारी १९८४ मध्यें उरण तालुक्यांत पोलिसांच्या गोळीबारांत पांच जणांचे प्राण गेले. त्यानंतर संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला देण्याची योजना आली. हा हक्क कोणी दानांत दिला नाहीं. तो रक्त सांडून मिळाला.

आजचा मुंबईचा आराखडा २०३४ पर्यंतचा आहे. तो २०१८ सालीं मंजूर झाला. दहा लाख परवडणारीं घरें होतील, असें सांगण्यांत आलें. मार्ग असा कीं, जेथें बांधकामाला मनाई होती अशी कांहीं जमीन मोकळी करावयाची आणि इमारतीवर अधिक बांधकाम करूं द्यावयाचें. पण परवडणारें म्हणजे कोणाला? गवंड्याला, कीं त्याला कामावर लावणाऱ्या कंत्राटदाराला?

झोपडीवाल्यासाठीं १९९५ पासून पुनर्वसनाचा कायदा आहे. बिल्डरनें त्याला फुकट घर द्यावें आणि उरलेल्या जागेंत विकण्याचीं घरें बांधावीं. म्हणून जेथें विक्रीला भाव, तेथें बिल्डर धांवतो; जेथें भाव नाहीं, तेथें झोपडी वाट पाहात बसते. शिवाय फुकट घर मिळावयाचें तर झोपडी १ जानेवारी २००० पूर्वींची पाहिजे. मग आपला मुलगा उद्यां जाईल, त्याची झोपडी कोणत्या तारखेंत बसणार? आराखडा पुढें पाहतो, यादी मागें पाहते, आणि नवा मजूर मध्यें उघड्यावर पडतो.

वडार दगड फोडतो, गवंडी भिंत चढवितो, सुतार दार बसवितो. तोंवर त्यांचा मुक्काम पत्र्याच्या खोपटांत. इमारत पुरी झाली कीं खोपट मोडतें आणि मंडळी पुढच्या कामावर चालूं लागतात!

म्हणून बांधवांनो, कोणी आराखडा घेऊन आला तर चार प्रश्न विचारा. जमीन कोणाची जाणार? घर विकत, कीं भाड्यानें? महिन्याचा खर्च पगारांतून किती जाणार? आणि काम घरापासून किती लांब? उत्तर कागदावर घ्या. तें वाचतां येण्यापुरतें तरी मुलामुलींना शिकवा. अंगठा उठवून दिलेली जमीन परत येत नाहीं, हें विसरूं नका.

इतकें सांगून आम्ही आपली रजा घेतों.