कवळी आणि हिरड्यांची निगा



कवळी बसविली की दातांची पीडा कायमची सुटली, असा पुष्कळांचा समज असतो. आमचाही होता. गिरगावातल्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात नातवंडांना आमचे बोळके दिसू नये, म्हणून आम्ही रात्रीही कवळी काढीत नसू. पुढे दंतवैद्यांनी आरसा धरला, तेव्हा वरच्या कवळीखालची टाळू लालभडक झालेली दिसली. वेदना मात्र तिळमात्र नव्हती; हा विकार बहुधा असाच मुकाट्याने वाढतो.

त्याचे कारण असे : कवळीखाली लाळ नीट फिरत नाही आणि तेथे साचलेल्या मळात ‘कँडिडा’ नावाची बुरशी वाढते. सैल कवळीच्या घर्षणाने आणि मधुमेहाने दाह बळावतो.

प्रतिबंधाला खर्च फारसा नाही. जेवणानंतर कवळी धुवावी. रोज मऊ ब्रशाने व साध्या साबणाने ती घासून स्वच्छ धुवावी. टूथपेस्टने तिच्यावर चरे पडतात. हिरड्या, टाळू व जीभही हळुवार स्वच्छ करावी. निजताना कवळी काढून थंड पाण्यात ठेवावी. कढत पाण्याने तिचा आकार बिघडतो. हिरड्यांखालचे हाड झिजत असल्याने कवळी सैल होते, म्हणून वर्षातून एकदा तपासणी करावी. १९३३ साली स्थापन झालेले मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय आपल्याला दूर नाही. लाली दिसताच घरगुती औषधे न करता दंतवैद्यांना दाखवावे.

रात्री हिरड्यांना विश्रांती देण्यात लाज कसली? कवळीची वाटी पाण्याने भरण्याचे काम आता आमच्या नातीनेच आपणहून पत्करले आहे.