आधी त्या घराला कळवा



ज्यांच्या घरातलं माणूस एखाद्या गुन्ह्यात गेलं, अशी काही मंडळी आमच्या स्वागत समितीच्या विनंतीला मान देऊन पुण्यातल्या या पॉडकास्टकर्त्यांच्या मेळाव्यात आज आली आहेत. त्यांची ओळख मी करून देणार नाही, तशी त्यांचीच इच्छा आहे. छायाचित्रकारांनीही कृपया कॅमेरे तिकडे वळवू नयेत.

गुन्ह्याची गोष्ट रंगवून सांगणं या शहराला नवं नाही. १९७६-७७ मधलं जोशी-अभ्यंकर हत्याकांड इथे अजून चवीने सांगितलं जातं. मारेकरी जक्कलचं नाव पुढच्या पिढ्यांनाही पाठ आहे. पण त्यात मारल्या गेलेल्या काशीनाथशास्त्री अभ्यंकरांनी संस्कृत व्याकरणाचा कोश रचला होता, हे कितीजण सांगतात? भांडारकर रस्त्यावरच्या त्यांच्या बंगल्यात घरकाम करणाऱ्या सकुबाईही मारल्या गेल्या. प्रकरणाच्या नावात त्या नाहीतच, आणि गोष्टीतही बहुतेकदा ‘मोलकरीण’ एवढ्यावर त्यांची बोळवण होते. हे मला फार लागतं.

२०१४ मध्ये ‘सीरियल’ हा अमेरिकी पॉडकास्ट जगभर गाजला. बाल्टिमोरमध्ये १९९९ साली खून झालेल्या हे मिन ली या शाळकरी मुलीचं ते प्रकरण. चर्चा मात्र झाली ती दोषी ठरलेला अदनान सय्यद निर्दोष आहे की नाही, याचीच. २०२२ मध्ये त्याची शिक्षा रद्द करण्यासाठी सोमवारी सुनावणी होती, आणि हे मिनच्या भावाला ते कळलं आदल्या शुक्रवारी! आपल्यासाठी हा पॉडकास्ट नाही, हे आपलं आयुष्य आहे, असं त्याने न्यायालयाला सांगितलं. कुटुंबाला पुरेशी पूर्वसूचना दिली नाही, या कारणावरून पुढच्याच वर्षी अपील न्यायालयाने शिक्षा रद्द करण्याचा निर्णय फिरवला.

कानात गोष्ट सांगण्याचं बळ मी नाकारत नाही. १९८२ मध्ये सिडनीतून नाहीशा झालेल्या लिनेट डॉसन यांचं प्रकरण २०१८ च्या ‘द टीचर्स पेट’ या पॉडकास्टने घरोघरी पोचवलं. २०२२ मध्ये पती खुनाचा दोषी ठरला, तेव्हा माहेरच्यांनी एवढंच मागितलं, की यापुढे तिला लिनेट सिम्स म्हणा. मारणाऱ्याचं आडनाव तिच्या नावामागे नको. किती साधी मागणी! ती पुरी करायला आपल्याला काय लागतं?

म्हणून मित्रहो, या दोन दिवसांत तंत्रावर, जाहिरातींवर जरूर बोला. पण इथून जाताना एक पद्धत ठरवून जा. भाग प्रसिद्ध होण्याआधी त्या घराला कळवा. गेलेल्या माणसाला घरी काय म्हणत, त्याला काय आवडे, ते विचारा. त्यांनी बोलायला नकार दिला, तर पुन्हा पुन्हा दार वाजवू नका. आणि ध्वनिमुद्रणात खोट्या किंकाळ्या घालू नका. त्या घरातलं कुणीतरी तुमचा भाग ऐकणार आहे.